जुन्या मोटारींची शर्यत : दिल्ली, कोल्हापूर आणि ग्वाल्हेर

दिल्लीचा हिवाळा हा उत्सवांचा ऋतू आहे. प्रजासत्ताक दिनाचे संचलन, पुष्पप्रदर्शने, संगीतसभा, राष्ट्रपतिभवनाच्या उद्यानाची वारी आणि आपल्या मंडळांची हळदीकुंकवे व नाट्यप्रयोग यांनी पौष-माघाचे दिवस गजबजून जातात. याच दिवसांत राजधानीत आणखी एक सोहळा होत आला आहे, आणि त्याच्याकडे मराठी माणसाचे लक्ष फारसे गेलेले नाही. 'स्टेट्समन' या इंग्रजी दैनिकाने १९६४ साली दिल्लीत जुन्या मोटारींची एक स्पर्धा भरविली. पुढे तिला परंपरेचे रूप आले आणि पन्नासाहून अधिक वेळा ती भरली. कॅनॉट प्लेसच्या कडेला बाराखंबा रस्त्यावर या दैनिकाची इमारत आहे. तिच्यापुढून पितळी दिव्यांच्या, तारांच्या चाकांच्या, कापडी टपांच्या मोटारी एकामागून एक निघतात आणि ज्या रस्त्यावरून एरवी आपण कार्यालय गाठण्याची घाई करतो, त्याच रस्त्यावरून डुलत डुलत जातात.

मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत या विषयाचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मोटारी विलायतेच्या, छंद संस्थानिकांचा आणि धनिकांचा. त्यात आपल्यासारख्या नोकरीपेशातील कुटुंबांचा संबंध कोठे येतो? परंतु हा इतिहास थोडा उलगडून पाहिला, तर त्यात दिल्ली आणि मुंबई, कोल्हापूर आणि ग्वाल्हेर, मराठवाडा आणि कुर्ला अशी आपल्या परिचयाची नावे पदोपदी भेटतात. एवढेच नव्हे, तर जुने ते जपावे कसे आणि कशासाठी, हा परप्रांतात राहणाऱ्या प्रत्येक समाजाला पडणारा प्रश्नही त्यात भेटतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम या स्पर्धेचे स्वरूप पाहू. शर्यत म्हटली की जो आधी पोहोचेल तो जिंकला, असे आपण समजतो. येथे तसे नाही. मोटारीने नेमून दिलेल्या मार्गाने, नेमून दिलेल्या गतीने जावयाचे असते. उशीर झाला तरी गुण जातात आणि घाई केली तरी जातात. काही वर्षी हा मार्ग हरियाणातील सोहना गावापर्यंत जाऊन परत दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर येत असे. तेथे परीक्षक प्रत्येक मोटार बारकाईने तपासतात. रंग, गादी, दिवे, कर्णा, यंत्राचे सुटे भाग हे सारे मूळचे आहे की मागाहून बसविलेले, याची परीक्षा होते. सर्वसाधारणपणे दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मोटारींना येथे 'विंटेज' म्हणतात आणि त्यानंतरच्या काही दशकांतील मोटारींना 'क्लासिक'.

ही मंद गती पाहून नव्या पिढीला हसू येते. पण ज्याने या मोटारी चालविल्या आहेत, तो हसत नाही. पुढे लोखंडी हँडल घालून यंत्र हाताने फिरवावयाचे. ठिणगी अवेळी पडली तर हँडल उलट फिरून मनगट मोडण्याची भीती. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावयाचा आणि यंत्राची गती कानांनी ओळखून दांडा सरकवावयाचा. चुकला तर दात्यांचा कर्कश खडखडाट साऱ्या रस्त्याला ऐकू जातो. प्रथम महायुद्धापूर्वीच्या बहुतेक गाड्यांना ब्रेक असत ते मागच्याच चाकांना. अशी गाडी आजच्या दिल्लीच्या वाहतुकीत, डाव्या-उजव्या बाजूंनी घुसणाऱ्या स्कूटरी चुकवीत, ठरल्या मिनिटाला ठरल्या ठिकाणी नेणे हे वेगाच्या शर्यतीहून कमी कौशल्याचे काम नव्हे.

अशा 'विश्वासाच्या कसोट्या' हाच आपल्या देशातील मोटारस्पर्धांचा मूळ प्रकार होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार हे श्रीमंतांचे खेळणे आहे की खरोखर उपयोगाचे वाहन आहे, हे अद्याप ठरावयाचे होते. ते ठरविण्यासाठी १९०४ सालाच्या अखेरीस थेट दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची चाचणी घेण्यात आली. त्या काळी दिल्ली राजधानीही झालेली नव्हती. ती घोषणा व्हावयास १९११ चा डिसेंबर उजाडावा लागला. आज आपण दिल्ली-मुंबई हे सुमारे १४०० किलोमीटरचे अंतर राजधानी एक्सप्रेसच्या एका रात्रीत काटतो. तेव्हा पेट्रोलचे पंप नव्हते. इंधनाचे डबे बरोबर न्यावे लागत, किंवा आधीच वाटेत ठेवावे लागत. नद्यांवर सर्वत्र पूल नव्हते आणि रस्ते बैलगाडीच्या चाकोऱ्यांचे होते. दिल्ली आणि मुंबई यांना मोटारीने जोडणारी ती पहिली मोठी मोहीम होय. ज्या वाटेने आपले वाडवडील ट्रंका-वळकट्या घेऊन आगगाडीने उत्तरेस आले, त्याच दोन टोकांमधील ही कथा आहे.

यापेक्षाही मराठी मनाला जवळची अशी स्पर्धा १९०८ साली झाली. मुंबई-कोल्हापूर चाचणी म्हणून ती प्रसिद्ध आहे. रोल्स-रॉईस कंपनीची सहा सिलिंडरांची '४०/५०' मोटार, जिला पुढे सारे जग 'सिल्व्हर घोस्ट' म्हणून ओळखू लागले, ती तेव्हा नुकतीच नावारूपास येत होती. १९०७ साली या जातीच्या एका मोटारीने इंग्लंड-स्कॉटलंडच्या रस्त्यांवर १४,३७१ मैल यंत्रबिघाडामुळे न थांबता धाव घेतली होती. परंतु हिंदुस्थानातील ऊन, धूळ आणि चढ यांपुढे ती टिकेल काय, हे कोणी पाहिले नव्हते. 'पर्ल ऑफ द ईस्ट' म्हणजे 'पूर्वेचे मोती' या नावाने ओळखल्या गेलेल्या मोटारीने १९०८ च्या या कसोटीत सह्याद्रीतील सहा घाट ओलांडीत ६२० मैलांचा, म्हणजे सुमारे एक हजार किलोमीटरचा पल्ला पुरा केला, आणि यंत्राने दगा दिल्यामुळे थांबण्याची वेळ तिच्यावर एकदाही आली नाही.

घाट चढणे म्हणजे काय, हे सह्याद्रीत वाढलेल्या वाचकांना सांगावयास नको. आजही उन्हाळ्यात कात्रज किंवा खंबाटकी चढताना एखादी जुनी गाडी बॉनेट उघडून वाफा सोडीत उभी दिसली की आपल्याला नवल वाटत नाही. चढावर यंत्राला भार जास्त आणि गाडीची गती कमी, म्हणून समोरून येणारा वाराही कमी. रेडिएटरमधील पाणी उकळू लागते. उतारावर हीच गाडी ब्रेकची परीक्षा पाहते. तेव्हा सहा घाट बिनतक्रार पार करणे हे सपाट रस्त्यावरील हजारो मैलांपेक्षा मोठे प्रमाणपत्र ठरले, यात आश्चर्य नाही. कोल्हापूरच्या गादीवर त्या काळी राजर्षी शाहू छत्रपती होते. ही मोटार पुढे विकत घेतली ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी. यंत्रांची त्यांना विलक्षण आवड. जयविलास प्रासादातील भोजनाच्या मेजावर रुळांवरून फिरणारी त्यांची चांदीची आगगाडी पाहावयास आजही लोक जातात. सह्याद्रीच्या घाटांत कसोटीस उतरलेली मोटार उत्तरेतील मराठी संस्थानात जावी, हा योग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. दोन शतकांपूर्वी महादजींच्या फौजा ज्या दिशेने गेल्या, त्याच दिशेने हे यंत्रयुगाचे वाहनही गेले.

मराठी संस्थानिकांच्या या छंदाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीकडून एक दोन आसनी वेगवान मोटार करवून घेतली. तिचा सांगाडा अमेरिकेचा, वरचा साज इंग्लंडमधील गर्नी नटिंग यांचा आणि रंग केशरी व काळा. त्या काळातील जगातील सर्वांत देखण्या मोटारींत तिची गणना होते. परंतु ती पाहावयाची तर इंदुरास जाऊन उपयोग नाही. ती केव्हाच परदेशी गेली. हे एकाच मोटारीचे दुर्दैव नव्हे. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, १९७१ साली घटनादुरुस्तीने तनखेही बंद झाले, आणि मोटारखान्यांतील गाड्या मिळेल त्या किमतीला विकल्या गेल्या. पुष्कळ गाड्या विलायत-अमेरिकेतील संग्राहकांनी नेल्या, पुष्कळ भंगारात गेल्या. पुढे शासनाने निर्बंध घातले आणि १९५० पूर्वीच्या मोटारी मनास येईल तशा देशाबाहेर पाठविता येईनाशा झाल्या. तोपर्यंत बरेच काही हातचे गेले होते.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच उपस्थित करतो. ज्या मोटारी रयतेच्या करातून आल्या, त्या परदेशी गेल्या तर सामान्य माणसाने अश्रू का ढाळावेत? आक्षेप खोटा नाही. परंतु त्या मोटारी एकट्या राजाच्या नव्हत्या. त्या चालत्या ठेवणारे हात आमच्या-तुमच्यासारख्यांचे होते. सुटा भाग विलायतेहून येण्यास महिने लागत; तोवर गावातला लोहार, कातारी, तांबट आणि मोटारखान्यातील मिस्त्री यांनी तो भाग घडवून बसविलेला असे. मोटार गेली की ते ज्ञानही गेले. त्याच्या नोंदी कोणी ठेवल्या नाहीत, कारण ते ज्ञान कागदावर नव्हते, बोटांत होते. कोल्हापुरात दसऱ्याच्या सोहळ्यास छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार जेव्हा निघते आणि दुतर्फा उभी माणसे तिच्याकडे कौतुकाने पाहतात, तेव्हा ती दौलतीचे प्रदर्शन म्हणून पाहत नाहीत. आपल्या गावाची वस्तू आपल्या गावात अजून चालते आहे, याचा तो आनंद असतो.

दिल्लीच्या स्पर्धेत आम्हांला सर्वांत प्रिय असलेले वाहन तर कोणा राजाचे नाहीच. ते आहे एक आगीचा बंब. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड येथील जॉन मॉरिस आणि सन्स या कारखान्याने १९१४ साली बनविलेला हा बंब निजामाच्या रेल्वेच्या सेवेत होता. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा मराठवाडा ओलांडून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग याच राज्यातला. तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या आजोळाशी या रेल्वेचे नाते आहे. आज हा बंब चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. हे संग्रहालय १९७७ साली उघडले. राजेरजवाड्यांच्या आणि उद्योगपतींच्या मोटारींच्या पंक्तीत हा लाल बंब अनेकदा उतरला आहे, आणि त्याची घंटा वाजू लागली की रस्त्यावरची लहान मुले रोल्स-रॉईस सोडून त्याच्याकडे धावतात. त्याची निगा राखणारे हात रेल्वेच्या कर्मचाऱ्यांचे आहेत. सरकारी नोकर सरकारी वस्तूची हेळसांड करतो, असे ऐकण्याची आपल्या कानांना सवय झाली आहे. शंभरी उलटलेला हा बंब त्या समजाला रस्त्यावरून चालत उत्तर देतो.

जगातही जुन्या मोटारींच्या स्पर्धा अशाच कारणांनी जन्मास आल्या आहेत. इंग्लंडात १८९६ साली कायदा बदलून वाहनांची वेगमर्यादा ताशी ४ मैलांवरून १४ मैलांवर नेण्यात आली, तेव्हा १४ नोव्हेंबर रोजी आनंदोत्सव म्हणून लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारी धावल्या. १९२७ पासून त्या घटनेची आठवण म्हणून ही यात्रा पुन्हा निघू लागली. १९०५ पूर्वी बनलेल्या वाहनांनाच तीत प्रवेश असतो. इटलीतील ब्रेशा-रोम-ब्रेशा अशी हजार मैलांची 'मिले मिलिया' ही तुफान वेगाची शर्यत १९२७ साली सुरू झाली आणि १९५७ मधील भीषण अपघातानंतर बंद पडली. १९७७ पासून ती पुन्हा निघाली, पण आता मूळ शर्यतीत ज्या जातीच्या गाड्या धावल्या त्याच गाड्यांची, आणि वेगाऐवजी वेळेच्या काटेकोरपणाची स्पर्धा म्हणून. इंग्लंडमधील गुडवुडचा मार्ग मात्र वेगळ्या वाटेने गेला. १९६६ साली तेथील शर्यती थांबल्या. १९९८ साली त्या मार्गावर जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या खऱ्याखुऱ्या, चाकाला चाक घासणाऱ्या शर्यती सुरू झाल्या. लाखमोलाची गाडी ठोकरली जाण्याचा धोका पत्करून मालक ती मैदानात उतरवितात. त्यांचे म्हणणे असे की, धावण्यासाठी जन्मलेली वस्तू काचेआड ठेवणे हा तिचा सन्मान नव्हे.

आपल्याकडे, राजधानीच्या परिसरातच, वेगाच्या शर्यतीचा मोठा प्रयोग झाला. ग्रेटर नोएडा येथे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट उभारले गेले, आणि ३० ऑक्टोबर २०११ रोजी तेथे फॉर्म्युला वनची पहिली भारतीय ग्रां प्री झाली. २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे ती झाली आणि तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटेल विजयी झाला. त्यानंतर ही शर्यत खंडित झाली. हा खेळ मानावयाचा की करमणूक, आणि त्यानुसार कर कोणता, हा वाद त्या काळी गाजला. एका बाजूला अफाट खर्चाची ही तीन वर्षांची झगमग आणि दुसऱ्या बाजूला १९६४ साली एका वृत्तपत्राने लावलेले रोप. संस्था कशाने टिकतात, याचा विचार करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही तुलना मनात घोळवावी.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळू. दिल्लीच्या हवेची अवस्था आपण सारे श्वासाश्वासाला अनुभवतो. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१४ व २०१५ साली आदेश देऊन पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांना आणि दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांना राजधानी परिसरात मज्जाव केला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. त्यानंतरही या आदेशांच्या अंमलबजावणीत फेरफार होत आले आहेत. ज्या शहरात पोराबाळांना दमा होतो, तेथे शंभर वर्षांपूर्वीच्या धूर ओकणाऱ्या गाड्यांचे कौतुक कसे करावे? यावर केंद्र शासनाने २०२१ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून एक मध्यममार्ग काढला. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या, विशेष फेरबदल न केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची स्वतंत्र नोंदणी व्हावी. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे असावीत. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे असावी. प्रदर्शन, स्पर्धा, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ही वाहने रस्त्यावर यावीत. रोजच्या वा व्यापारी वापरास मनाई. वर्षातून काही मैल धावणाऱ्या या थोड्या गाड्यांनी हवा बिघडत नाही आणि वारसाही राहतो, असा हा हिशेब आहे. सरकारी फायलींत आयुष्य काढलेल्या आम्हांस हा नियम समंजस वाटतो.

या नियमाचा एक परिणाम फारसा कोणाच्या ध्यानात आलेला दिसत नाही. पन्नास वर्षांची ही मर्यादा दर वर्षी पुढे सरकते, आणि तिच्या कक्षेत आता संस्थानिकांच्या नव्हे, तर आपल्या गाड्या येऊ लागल्या आहेत. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट आणि १९५७ साली अवतरलेली अँबेसेडर या आता 'विंटेज' होत आहेत. आम्ही सेवेत रुजू झालो, तेव्हा नॉर्थ ब्लॉकसमोर पांढऱ्या अँबेसेडरांची रांग ही राजसत्तेची खूण होती. २०१४ साली त्या गाडीचे उत्पादन थांबले. करोल बागेत किंवा सरोजिनी नगरात ज्या फियाटमध्ये सात माणसे कोंबून मंडळाच्या गणपतीला आणली जात, तिचे छायाचित्र आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. तिचे सुटे भाग काश्मिरी गेटच्या बाजारात धुंडाळणारे वडीलही अनेकांना आठवत असतील. उद्याच्या इतिहासकाराला रोल्स-रॉईसइतकीच ही फियाट मोलाची वाटेल. किंबहुना अधिक, कारण तिच्यात एका वर्गाचा संसार बसलेला होता. गुरुग्रामपलीकडे तावडू येथे २०१३ साली सुरू झालेल्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये आलिशान मोटारींबरोबर सर्वसामान्यांच्या वाहनांनाही स्थान दिलेले आहे. मुलांना घेऊन सुटीच्या दिवशी ते अवश्य पाहावे.

पन्नास वर्षे पूर्ण झाली की वाहन 'विंटेज' ठरते, हे शासनाचे माप आपल्या मंडळालाही या वर्षी लागू पडते, असे कोणी विनोदाने म्हणेल. विनोद गोड आहे. पण नियमातील पुढचे कलम विसरून चालणार नाही. 'व्हीए' क्रमांकाच्या गाडीने फक्त प्रदर्शनापुरते बाहेर पडावयाचे असते. रोजचा वापर तिला वर्ज्य आहे. मोटारीच्या बाबतीत हे योग्यच आहे. भाषेच्या बाबतीत मात्र हा नियम घातक ठरेल. गणेशोत्सवात आरती, संक्रांतीला तिळगूळ आणि महाराष्ट्र दिनी एक भाषण एवढ्यापुरतीच मराठी बाहेर काढून उरलेले वर्षभर तिला झाकून ठेवावयाचे, असे दिल्लीतील किती घरांतून होते आहे, याचा प्रत्येकाने आपापल्या घरात हिशेब करावा. जुने यंत्र जिवंत राहते ते रोज कोणीतरी त्याला तेल घालतो, हँडल मारतो आणि पुढच्या माणसाला ते कसे मारावे हे शिकवितो म्हणून. 'पूर्वेचे मोती' सहा घाट चढले ते त्याच्या नावामुळे नव्हे. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांतही घाट अनेक येतील. ते चढण्याचे बळ रोजच्या वापरातूनच येईल, आणि ते काम आपल्या प्रत्येकाच्या घरात, मुलांशी बोलल्या जाणाऱ्या साध्या मराठी वाक्यापासून सुरू होते.